मोरचुदाच्या पाण्यातलं तांबं काढायला कुठलं लोखंड घ्यावं? बाजारातल्या चार मालांची परीक्षा

गोव्यात निळं पाणी वाटतं त्यापेक्षा बऱ्याच ठिकाणी साठतं. उच्च माध्यमिकच्या प्रयोगशाळेत वर्षाअखेरीस मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणाचे कॅन उरतात. वेर्णा-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत मुलामा देणाऱ्यांकडे टाक्यांचं धुवण असतं. घरी सर्किट बोर्ड कोरणाऱ्यांकडे काळंहिरवं झालेलं फेरिक क्लोराइड असतं, तर सोनाराकडे चांदी शुद्ध केल्यावर उरलेलं निळं तेजाब. हे गटारात ओतायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, आणि यातलं तांबं लोखंडाने निघतं हे दहावीच्या पुस्तकापासून माहीत असतं. अडतं ते हार्डवेअरच्या दुकानात गेल्यावर. लोखंड मागायचं, पण कुठलं?

म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठल्याही बाजारात सहज हाती येणारे चार पर्याय आहेत: साधे तारेचे खिळे, पॉलिशवाले वापरतात ते स्टील वूल, लेथवरचा कीस, आणि प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातली लोहभुकटी. निकाल आधीच सांगतो. बादलीभर कामाला लेथचा कीस, बीकरभर कामाला स्टील वूल. खिळे फक्त तपासायला. भुकटी घेऊ नये.

एक गैरसमज गोव्यात हमखास ऐकू येतो, तो आधी काढून टाकू: खाणीवरची लोखंडाची माती यात टाकून काही होत नाही. ते खनिज म्हणजे ऑक्साइड, त्यातल्या लोखंडाने आपले इलेक्ट्रॉन केव्हाच देऊन टाकलेले असतात. इथे लागतो तो धातू. तांब्याचं प्रमाण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या ओढीचं माप, अधिक ०.३४ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४, या ०.७८ व्होल्टच्या फरकावर सगळा व्यवहार चालतो. लोखंड विरघळतं आणि तांबं बाहेर पडतं. हिशेबाने एक किलो तांब्यामागे ८८० ग्रॅम लोखंड पुरतं. प्रत्यक्षात दीड ते अडीचपट खर्ची पडतं, आणि वरचं कुठे जातं यावरच मालाची खरी पारख होते.

खिळ्यांपासून सुरुवात करू, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच कंटाळतात. तीन मिलिमीटर जाडीच्या शंभर ग्रॅम खिळ्यांचा एकूण पृष्ठभाग जेमतेम १७० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या एका बाजूहून थोडाच अधिक. ही क्रिया किती वेगाने होईल ते लोखंडाच्या वजनावर ठरत नाही. पाण्यातले तांब्याचे आयन लोखंडाच्या अंगापर्यंत किती लवकर पोचतात, यावर ठरतं. त्यात गुळगुळीत खिळ्यावर पहिल्या काही मिनिटांत तांब्याचा चिकट, चकचकीत पापुद्रा बसतो. फोटोला फार छान दिसतो. पण त्याखालचं लोखंड झाकलं जातं, आणि पुढचं काम पापुद्र्याच्या भोकांतून रडतखडत चालतं. दहा लिटर द्रावणाला पावशेरभर खिळे टाकले तर सकाळी पाहावं तेव्हा पाणी अजून निळंच. पत्र्याच्या छपराचे खिळे तर मुळीच घेऊ नका, त्यांवर जस्ताचा थर असतो. आधी जस्त विरघळतं, तांबं निघाल्यासारखं दिसतं आणि उरलेल्या पाण्यात एक नवा धातू वाढून ठेवलेला असतो. पाचपैकी दीड गुण, तोही शेवटी चाचणीला उपयोगी पडतात म्हणून.

स्टील वूल हा दुसऱ्या टोकाचा माल. सर्वांत बारीक ग्रेडवर चार शून्यं छापलेली असतात. त्याचा तंतू साधारण २५ मायक्रॉनचा, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये दोन चौरस मीटर पृष्ठभाग. त्याच वजनाच्या खिळ्यांच्या शंभरपटीहून जास्त! एक लिटर द्रावणात सोडून ढवळलं तर डोळ्यांदेखत रंग उतरतो, पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपतं. करड्या तंतूंवर आधी तपकिरी लव येते, मग ती फुगून लालसर गाळ होऊन तळाला बसते. वेगासाठी पूर्ण गुण द्यावेत असा माल.

मग उणं काय? तेल. गंजू नये म्हणून कारखान्यातूनच त्याला तेलाचा हात दिलेला असतो. तसंच टाकलं तर पुंजका पाण्यावर तरंगतो, मधले भाग कोरडे राहतात आणि तांबं ठिपक्याठिपक्यांनी बसतं. गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, दोन पाण्यांतून खळबळून काढलं की पुरे. घाई असेल तर ॲसिटोन. धुतलेलं वूल लगेच वापरायचं. इथल्या दमट हवेत ओलं वूल रात्रभरात तांबूस पडतं, आणि तो गंज द्रावणातलं आम्ल खाऊन वर फेरिक, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड, सोडतो. पावसाळ्यात पाकीट फोडलं की हवाबंद डब्यात ठेवावं. दुसरी फसगत घासणीची. भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी म्हणजे स्टील वूल नव्हे, ती स्टेनलेस असते. दुकानदार ‘एकच माल’ म्हणून हातात ठेवतो. चुंबक लावून खात्री करायला जाल तर अजून फसाल, कारण घासणीतलं स्टेनलेस बहुधा चुंबकाला चिकटतंच. खरी परीक्षा एकच: मोरचुदाच्या किंचित आम्लयुक्त द्रावणाचा थेंब टाका. काही सेकंदांत लाल डाग पडला तर कामाचं, नाही तर परत करा. चार गुण. अर्धा तेलापायी कापला, अर्धा भावापायी.

लेथचा कीस मात्र दिसायला भंगार आणि कामाला सोनं. कुठल्याही वर्कशॉपात टर्निंगचं पिंप भरलेलं असतं, आणि एक-दोन किलोला बहुतेक जण पैसेही मागत नाहीत. मागताना प्रश्न नेमका विचारायचा: ‘एमएसचा आहे का?’ एमएस म्हणजे माइल्ड स्टील. पिंपात त्या दिवशी जे जे कापलं ते सगळं असतं. स्टेनलेसचे चकाकते वेटोळे नुसते पडून राहतात. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, काळा चुरा काम करतो पण मागे ग्राफाइट सोडतो आणि तुमचं तांबं काळवंडतं. पितळेचा कीस आला तर जस्त आलंच. चुंबक फिरवून पितळ वेगळं होतं, उरलेल्याला वर सांगितलेली थेंबाची चाचणी.

वेटोळ्यांपेक्षा आखूड, चुरमुऱ्यासारखे तुकडे निवडावेत. लांब स्प्रिंगा एकमेकांत गुंततात आणि हातही कापतात, तेव्हा जाड हातमोजे हवेतच. पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या किसाचा पृष्ठभाग किलोला एक चौरस मीटरच्या वर जातो. वूलच्या मानाने कमी, पण खिळ्यांच्या सहा-सातपट. आणि हेच त्याचं बलस्थान. वूलमध्ये तांबं तंतूंत अडकून बसतं, मग लोखंड कुठे संपलं आणि तांबं कुठे सुरू झालं ते कळत नाही. किसावरचं तांबं टोपली हलवली की झडतं.

कूलंट आणि तेल काढायला पाच टक्के धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी घ्या, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम, त्यात थोडं लिक्विड. अर्धा तास बुडवून ढवळायचं, मग दोनदा स्वच्छ पाणी. पाण्याचे थेंब वेगवेगळे न राहता पृष्ठभागावर सलग पसरले की तेल गेलं असं समजावं. साडेचार गुण, अर्धा गुण या धुण्याच्या कटकटीचा.

लोहभुकटीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. महाग, वेग अतिरेकी, आणि जास्तीची पडली की तांब्याच्या गाळात मिसळून जाते. एकदम ओतली तर पाणी तापतं: लिटरला १२५ ग्रॅम मोरचूद असलेलं द्रावण पूर्ण क्रियेत साधारण १८ अंशांनी चढतं. वर्गात उष्णतादायी क्रिया दाखवायची असेल तर ठीक. दोन गुण.

आता कीस घेऊन पूर्ण काम कसं करायचं ते. धरा, दहा लिटर पाण्यात अर्धा किलो मोरचूद आहे. त्यात तांबं सुमारे १२७ ग्रॅम, हिशेबाचं लोखंड ११२ ग्रॅम. आपण १७० घेऊ. बादली प्लास्टिकची. जस्ती बादली किंवा ॲल्युमिनियमचं पातेलं वापरलं तर भांडंच विरघळायला लागेल. कीस बाजारच्या जाळीदार प्लास्टिक टोपलीत घालून बादलीच्या वरच्या अर्ध्या भागात लटकवायचा. तांबं झडून तळाला जातं, लोखंड वर राहतं, आणि शेवटी दोन्ही वेगळं करण्याचा निम्मा त्रास वाचतो. दर पाच-दहा मिनिटांनी टोपली खालीवर हिसकायची. नुसतं ठेवून दिलं तर किसाभोवतीच्या पाण्यातलं तांबं संपतं आणि लांबचं पोचायला वेळ लागतो. कोमट पाण्यात, ४० ते ५० अंशांत, वेग चांगलाच वाढतो. एप्रिल-मेमध्ये बादली उन्हात ठेवली तरी फरक दिसतो.

पीएच दोन ते तीनमध्ये हवा. मोरचुदाचं साधं द्रावण चारच्या आसपास असतं, त्यामुळे दहा लिटरला बॅटरीचं ॲसिड १५ मिलिलिटर पुरतं. पाण्यात ॲसिड ओतायचं, उलट नाही. बरेच जण ‘लवकर व्हावं’ म्हणून हात सैल सोडतात. मग किसावर बुडबुड्यांची रांग लागते आणि बघणाऱ्याला वाटतं काम जोरात चाललंय. ते बुडबुडे हायड्रोजनचे. लोखंड तांब्यासाठी न झिजता आम्लासाठी झिजतंय. झाकण घट्ट लावायचं नाही, जवळ ज्योत नको. उलट पीएच चारकडे गेला की पिवळसर गेरूसारखा चिखल जमतो, तो लोखंडाच्या अंगावर बसून क्रिया थोपवतो आणि तांब्यात मिसळतो. पीएचपट्टी दर तासाला बुडवणं हा इथला खरा कष्टाचा भाग.

किती वेळ लागतो याचं उत्तर एका आकड्यात नाही. दर ठरावीक वेळेला उरलेल्यातलं निम्मं निघतं. बरा कीस आणि बरं ढवळणं असेल तर ही निमपट अर्ध्या तासाच्या आसपास येते. तीन तासांत ९८ टक्क्यांच्या पुढे जाता, पण तेव्हाही लिटरमागे शे-दोनशे मिलिग्रॅम शिल्लक असतं. पाण्यात सोडायची मर्यादा तांब्याला लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे. तिथे पोचायला बारा निमपटी, म्हणजे सहा तास. शेवटच्या टप्प्यात टोपलीतला कीस बदलून ताजा घातला तर हा वेळ कमी होतो, कारण जुन्यावर तांब्याचा थर असतो.

निळा रंग गेला म्हणजे तांबं गेलं असं नाही. विरघळलेल्या फेरस (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) लोखंडाचा फिका हिरवा रंग उरलेला निळा सहज लपवतो. इथे खिळा उपयोगी पडतो: सँडपेपरने घासलेला खिळा पाच मिनिटं बुडवून बाहेर काढा. लाल छटा आली तर काम बाकी. दुसरी चाचणी अमोनियाची: नमुन्यात अमोनिया घालून गाळून घ्या, गाळलेलं पाणी निळं दिसलं तर तांबं आहे.

हीच खिळ्याची परीक्षा कुळागरवाल्यांना वेगळ्या कारणाने माहीत आहे. सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण करताना (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी) घासलेला कोयता मिश्रणात बुडवतात. लाल चढलं तर तांबं अजून मोकळं आहे, चुना कमी पडलाय. तसंच फवारलं तर पानं करपतात. मिश्रण लोखंडी पिंपात करू नये असं सांगतात त्याचंही कारण तेच.

आता अवघड पाणी. बोर्ड कोरून उरलेल्या फेरिक क्लोराइडला सरसकट हीच कृती लावली की लोक लोखंडाला शिव्या घालतात. त्या द्रावणात न वापरलेलं फेरिक असतं, आणि लोखंड आधी त्यालाच भिडतं. अर्धं वापरून झालेल्या द्रावणात तांब्याला जितकं लोखंड लागतं, तितकंच नुसतं फेरिक खातं. म्हणजे हिशेब थेट दुप्पट. उष्णताही भयंकर: ४० टक्क्यांचं द्रावण पाणी न घालता लोखंडावर घेतलं तर उकळीच्या जवळ जाऊ शकतं. आधी चौपट पाणी घाला, मग कीस थोडाथोडा. मध्येच पांढरट पीठ दिसू लागलं तर घाबरू नका, तो क्यूप्रस क्लोराइड आहे. मूठभर मीठ घातलं की तो पुन्हा विरघळतो आणि लोखंड त्यातलंही तांबं काढतं. ॲल्युमिनियम फॉइल टाकून ‘झटपट’ काम उरकणारे व्हिडिओ आहेत. ते पाणी उसळतं, चेहऱ्यापासून लांब असलेलं बरं.

सोनाराच्या तेजाबाला लोखंड सरळ लावूच नये. नायट्रिक असेल तर लोखंड तपकिरी विषारी धुराडा काढत फुकट जातं, आणि तीव्र असेल तर अंगावर पातळ कवच चढवून हटून बसतं. आधी मीठ घालून उरलीसुरली चांदी पांढऱ्या गाळात काढा. मग धुण्याच्या सोड्याने तांबं हिरवट कार्बोनेट म्हणून खाली पाडा, गाळा, धुवा, विरल गंधकाम्लात विरघळवा आणि मग कीस. फिरून आलेली वाट आहे, पण हीच वाट आहे. मुलाम्याच्या टाकीत सायनाइड असल्याची नुसती शंका असली तरी ॲसिडच्या बाटलीला हात लावायचा नाही. तो वायू जीव घेतो. ते पाणी अधिकृत प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं.

मिळालेलं तांबं धुण्यात निम्मी मेहनत जाते. वरचं पाणी ओतून गाळ एक टक्का आम्लाच्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा; साध्या पाण्याने सुरुवात केली तर लोखंडाचा गेरू त्यातच बसतो. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाळात फिरवा, लोखंडाचे कण पिशवीवर येतात, पिशवी उलटी केली की सुटतात. अजून शंका असेल तर पाच टक्के गंधकाम्लात काही तास ठेवा. दिवसेंदिवस नको, हवेच्या संगतीने तांबंही हळूहळू विरघळू लागतं. मग साधं पाणी, शेवटी स्पिरिट, आणि पातळ पसरून ६० अंशांच्या आत सुकवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे उघड्यावर सुकवायच्या फंदात पडू नये. सामन माशासारख्या गुलाबी रंगाची भुकटी संध्याकाळपर्यंत चॉकलेटी होते. सिलिका जेलची पुडी टाकून बरणीत बंद ठेवा.

उद्योगातही असं तांबं साधारण ७० ते ९० टक्केच शुद्ध मिळायचं, उरलेलं बहुतेक लोखंड आणि त्याचे ऑक्साइड. सोंग राजवटीतल्या चीनपासून अमेरिकेतल्या ब्यूट गावापर्यंत शतकानुशतकं लोकांनी खाणीच्या निळ्या पाण्यात भंगार टाकून ते गोळा केलं. १९६८ मध्ये ॲरिझोनात ब्लूबर्ड खाणीवर द्रावकाने निष्कर्षण करून विजेवर तांबं काढायची पद्धत उभी राहिली, आणि मग हळूहळू ही पद्धत मागे पडली. तेव्हा भंगारवाल्याने तुमच्या भुकटीला तारेच्या तांब्याचा भाव दिला नाही तर त्याच्याशी भांडू नका. घरी वितळवायचं तर टाकणखार, मूस आणि १०८५ अंशांच्या वरची भट्टी लागते. बारीक भुकटीचा बराच भाग त्याआधीच ऑक्साइड होतो. शाळेला मात्र ती विरल गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवून परत मोरचूद करता येते, आणि मला तरी तिचा हाच सर्वांत शहाणा उपयोग वाटतो.

उरलं हिरवं पाणी. तांबं गेलं तरी त्यात लिटरमागे दहा-बारा ग्रॅम लोखंड आहे, आणि लोखंडाची मर्यादाही ३ मिलिग्रॅमच. आपल्याकडे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, जमीन पाणी गाळत नाही, सरळ खाली सोडते, आणि विहिरी जवळ असतात. म्हणून ‘मागच्या भाटात (माडांच्या बागेत) ओतलं’ हे उत्तर नको. दहा लिटरला दीड-दोनशे ग्रॅम विझवलेला चुना दुधासारखा कालवून पीएच नऊपर्यंत न्या, आणि मत्स्यालयाच्या पंपाने रात्रभर हवा सोडा. घाणेरडा हिरवा लगदा तपकिरी होऊन बसतो, वाचलेलं तांबंही त्याच्यासोबत खाली जातं. वरचं नितळ पाणी पीएच साडेपाच ते नऊच्या आत आणि खिळ्याच्या चाचणीत कोरं निघालं तरच सोडायचं. कारखान्याच्या पाण्याला मात्र खिळा पुरत नाही, प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. लगदा कापडावर निथळून, नाव-तारीख लिहून पिशवीत. कारखान्याचा असेल तर तो घातक कचऱ्याच्या नोंदवहीत चढतो, ओल्या कचऱ्याच्या गाडीत नाही.